मुद्दा क्रमांक दोन

तळघरातली खोली, शून्य-चौदा.
मंगळवार, दुपारचे चार.
वर विनिपेग उणे एकतीसवर,
दाराशी बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं.
सहा खुर्च्या, सातवी माझी,
आणि कोपऱ्यातला हीटर, मध्येच खाकरणारा,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

कार्यालयाने दिलेला कागद मी वाटते:
'प्राध्यापकांशी बोलताना.'
मुद्दा एक, दार वाजवा.
मुद्दा दोन, थेट डोळ्यांत पाहा.
(मनातल्या मनात मराठीत आणते आणि अडखळते:
आमच्याकडे डोळ्याला डोळा भिडवतात
तो भांडायला.)

जेरिक होतो प्राध्यापक. मफलरचाच टाय.
टिगिस्त टेबलावर तीनदा टकटक करते, आत येते,
आणि गालिच्याला विचारते,
माझे सात गुण का कापले, सर?

वर बघ, मी म्हणते, कागद म्हणतो म्हणून.
ती बघते.
उन्हाकडे बघावं तशी,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मग म्हणते, असं आमच्याकडे
डॉक्टर बघतो, नाहीतर निर्लज्ज माणूस.

कुणी हसत नाही.
हीटर खाकरतो.

तेवढ्यात डार्सी, नॉर्वे हाउसचा,
तीन मंगळवार ज्याने फक्त स्वतःचं नाव सांगितलं,
तो टोपीची कड कुरतडत म्हणतो,
माझी कोकम म्हणते,
मोठ्यांच्या डोळ्यांत असं विचारल्याशिवाय शिरू नये.
कोकम म्हणजे आजी, त्याच्या क्री भाषेत.
माझ्या जिभेला मात्र आधी आंबट कळ येते,
मग पेल्यातला गुलाबी रंग,
आणि मग कुठे ती म्हातारी,
जिला मी कधी पाहणार नाही.

आता सगळेच बोलू लागतात.
सोलोमिया सांगते, इथे अनोळखी माणसं हसतात माझ्याकडे,
पहिला महिनाभर मी दातच तपासत होते आरशात.
जेरिक म्हणतो, आम्ही भुवई उडवतो, म्हणजे 'हो'.
गणिताच्या सरांनी तीनदा विचारलं, समजलं का?
मी तीनदा उडवली.
त्यांनी चौथ्यांदा समजावलं,
आणखी हळू, आणखी मोठ्याने.
लिझबेथ क्लासेन, स्टाइनबाखजवळच्या शेतावरची, म्हणते,
मी तर इथलीच, मला का बोलावलं कळलं नाही,
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच:
जेवताना आमच्या घरी
सगळे ताटाकडेच बघतात.

सहावी खुर्ची आब्दिरिझाकची.
त्याची या वेळेला गोदामात पाळी असते.
यादीत त्याच्यापुढे मी रेघ मारते,
दर मंगळवारी, पेन्सिलीने.

डाव्या भुवईकडे बघ, डार्सी टिगिस्तला सांगतो.
मी तेच करतो.
समोरच्याला वाटतं, डोळ्यांत बघतोय.
मग पुन्हा टकटक, पुन्हा मफलर.
सात गुण परत द्याल का, सर?
जेरिकची भुवई टुणकन वर.
खोलीत असा हशा पिकतो
की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी पाय आपटतं.

पुढच्या मंगळवारी टिगिस्त बर्फ झटकत आत आली.
गेले होते, म्हणाली. चार मिळाले.
भुवई पाहिलीस?
कुठली भुवई! सर स्वतःच खाली बघत होते.
कान लाल झाले होते त्यांचे.
मग आम्ही दोघंही
गालिच्याशीच बोललो.

रात्री कार्यालयाचा तक्ता भरायला घेते.
उपस्थिती: पाच.
कार्यशाळेचं उद्दिष्ट साध्य झालं का?
दोन चौकोन, हो आणि नाही.
पेन हातात घेऊन बसते.
खोलीत कुणी नाही. हीटरही गप्प.
मी भुवई उडवते.

कागदाला काही कळत नाही.
तो पुन्हा विचारतो,
तेवढ्याच ठळक अक्षरांत.